मदत हवी आहे: पंचायतीने नोटीस काढली, पण पुढे काहीच होत नाही

नमस्कार. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात आमचं घर आहे. शेजाऱ्यांनी परवाना न घेता सामाईक वाटेवर पत्र्यांची शेड वाढवली. तिच्या पावळीचं पाणी थेट आमच्या मातीच्या भिंतीवर पडतं आणि आईच्या खोलीत ओल चढली आहे.

पंचायतीत लेखी तक्रार दिली, आवक शिक्क्याची प्रत जवळ आहे. सचिवांनी पाहणी केली, पंचनामा झाला, कारणे दाखवा नोटीसही निघाली. त्यानंतर सगळं थांबलं. विचारलं की उत्तर एकच: मार्च 2025 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रस्त्याकडेची आणि शेतातली बेकायदा बांधकामं आधी, तुमची शेड किरकोळ. मोठी प्रकरणं आधी घ्यावीत हे मलाही पटतं. पण किरकोळ म्हणजे कधीच नाही, असं कसं चालेल?

जागेची हद्द वादात नाही. शेजाऱ्यांशी बोलून झालं. पन्हळ बसवायचा खर्च आम्ही देतो म्हटलं, तेही नको म्हणाले. कोर्टात जायची ऐपत नाही.

पंचायत राज कायद्याच्या कलम 66 प्रमाणे पंचायतीने मुदतीत कारवाई केली नाही तर अधिकार पंचायत उपसंचालकांकडे जातात. कुणी त्यांच्याकडे अर्ज केला आहे का? अशा लहान प्रकरणात ते खरोखर लक्ष घालतात का? की आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे जावं? आणि अर्जात बेकायदा बांधकामावर भर द्यावा, की भिंत कोसळण्याच्या धोक्यावर?