सी शिकवताना स्ट्रटोक आणि स्ट्र-एन-कॉपी बंद करावीत का?

धागाकर्ता
माझं मत: सी भाषा शिकवताना ही दोन फंक्शनं बंद करावीत. स्ट्रटोक (strtok) ओळीचे तुकडे पाडतं, स्ट्र-एन-कॉपी (strncpy) ठरावीक बाइटांपर्यंत मजकूर कॉपी करतं. गेल्या महिन्यात नाव, फोन, गाव अशा स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी वाचत होतो. एका ओळीत फोन रिकामा. लागोपाठ आलेले दोन स्वल्पविराम स्ट्रटोक एकच धरतं, त्यामुळे 'सांगली' फोनच्या रकान्यात जाऊन बसली. ना एरर, ना वॉर्निंग. शोधण्यात दोन दिवस गेले. त्यात ते मूळ ओळीतच स्वल्पविरामाच्या जागी शून्य बाइट, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, लिहितं. लॉगमध्ये ओळ छापली तर नुसतं नाव!

प्रतिसाद १
असहमत. हे सगळं मॅन पेजवर, म्हणजे फंक्शनच्या माहितीपानावर, लिहिलेलं आहे. सीमधली स्ट्रिंग म्हणजे बाइट आणि शेवटी एक शून्य, हे विद्यार्थ्याला याहून स्वच्छ कुठे दिसणार? ओळीची कॉपी नाही, मॅलॉकने वेगळी मेमरी मागणं नाही. रिकामे रकाने हवेत तर ते न गाळणारं स्ट्रसेप वापरा.

धागाकर्ता
स्ट्रसेपही मूळ ओळ फोडतंच. आणि स्ट्रटोक आपण कुठवर आलो ते एकाच स्टॅटिक पॉइंटरमध्ये, म्हणजे सगळ्या कॉलना सामाईक असलेल्या जागेत, ठेवतं. लूपमधून बोलावलेल्या फंक्शनने आत दुसरी ओळ तोडली की बाहेरचा धागा तुटला. ती जागा बोलावणाऱ्याकडून घेणारं स्ट्रटोक-आर त्यासाठीच आणावं लागलं ना?

प्रतिसाद २
स्ट्र-एन-कॉपीबद्दल कोणी बोलत नाहीये. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलच्या नावाला ठरावीक १४ बाइट असत. नाव छोटं तर उरलेल्या जागेत शून्यं, पूर्ण १४ अक्षरांचं तर शेवटी शून्य नाहीच. त्या कामाला हे फंक्शन चोख. आपण त्याला 'सुरक्षित कॉपी' समजलो आणि शून्याविना स्ट्रिंगा पुढे ढकलत राहिलो. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने १९९८ मध्ये शेवटी शून्य लावणारं स्ट्र-एल-कॉपी दिलं, लिनक्सवर वापरतात त्या जीलिबसी या सी लायब्ररीत यायला २०२३ उजाडलं. इतका उशीर मला आजही पटत नाही.

प्रतिसाद १
विरोधाला कारण होतं. स्ट्र-एल-कॉपी न मावणारा मजकूर गुपचूप कापतं. परत दिलेली लांबी तपासली तर कळतं, पण तपासतं कोण? शिवाय ती लांबी सांगायला सोर्स शेवटपर्यंत वाचतं. तिथे शून्यच नसेल तर गेलं बफरबाहेर, म्हणजे राखलेल्या जागेच्या पलीकडे. लिनक्स कर्नलने, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्याने, मजकूर कापला गेला तर एरर देणारं स्ट्र-एस-कॉपी धरलं आणि ६.८ आवृत्तीत स्ट्र-एल-कॉपी काढूनच टाकलं.

धागाकर्ता
हा मुद्दा मान्य. मग क्रम तरी बदलू या: आधी लांबी सोबत बाळगणं आणि सांगितले तेवढेच बाइट कॉपी करणारं मेमकॉपी, स्ट्रटोक सगळ्यात शेवटी, तेही रिकाम्या रकान्याच्या ओळीवर चालवून.

प्रतिसाद १
ओळ तीच घेऊ. पण मी ती पहिल्याच आठवड्यात चालवायला देईन.