पळण्याचा दम वेगळा, हा वेगळा

'रोज पाच किलोमीटर पळतो, मग फायरमन भरतीची चाचणी काय अवघड?' असं एकाने विचारलंय. अमेरिका-कॅनडातल्या सीपॅटपुरतं (फायरमन भरतीची शारीरिक क्षमता चाचणी) बोलायचं तर तिथे दोन टप्प्यांच्या मध्ये पळायला मनाईच आहे, चालत जायचं. एकूण आठ टप्पे, वेळ 10 मिनिटं 20 सेकंद, अंगात सुमारे 23 किलोचं वजनी जॅकेट.

खरी गंमत पहिल्याच टप्प्यात. खांद्यांवर आणखी 11 किलो चढवून जिन्याच्या मशीनवर तीन मिनिटं, मिनिटाला 60 पायऱ्या. आणि रेलिंग धरून ठेवायचं नाही! सरावाला करून पाहिलं तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला मांड्या पेटल्या. जादा वजन उतरवल्यावर क्षणभर हायसं वाटतं, पण लगेच होज (पाण्याचा जाड पाइप) खांद्यावर घेऊन ओढायचा असतो आणि पाय काही केल्या ऐकत नाहीत.

75 किलोचा पुतळा ओढणं त्यामानाने बरं (निदान मला तरी). शेवटी छताचा टप्पा: आकडीचा दांडा वर खुपसायचा, मग खाली खेचायचा, पुन्हा पुन्हा. तिथे दमाआधी पकड जाते, हातमोज्यातली बोटं आखडतात.

तेव्हा पळणं सोडू नका, पण पाठीवर वजन घेऊन जिने चढायला आजच लागा. रेलिंगला हात न लावता.