मदत हवी आहे: 'केवळ शास्त्र' (श्रद्धेत अंतिम अधिकार फक्त बायबलचा, हे प्रोटेस्टंट तत्त्व) म्हणायचं, तर बायबलमधल्या पुस्तकांची यादी कुणाच्या अधिकाराने?

मी कॅथलिक, वहिनी प्रोटेस्टंट. दोन्ही बायबलं शेजारी ठेवून वाचतो. माझ्यात ७३ पुस्तकं, तिच्यात ६६. मृतांसाठीच्या प्रार्थनेवर मी २ मक्काबी १२ काढला, तर तिच्या प्रतीत ते पुस्तकच नाही! 'केवळ शास्त्र'साठी ती २ तीमथ्य ३:१६ (सर्व शास्त्र देवप्रेरित आहे) दाखवते, मी २ थेस्सलनीकाकरांस २:१५. तिथे पौल तोंडी शिकवणही धरून ठेवा म्हणतो.

कॅथलिक बायबलची यादी पक्की करणारा ट्रेंटच्या धर्मसभेचा १५४६ चा ठराव वाचलाय, त्यामुळे कॅथलिक बाजू नको. वाद जिंकायचा नाही, तिचं म्हणणं मनापासून समजून घ्यायचंय. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनचं 'पवित्र आत्म्याची साक्ष' (शास्त्र देवाचं आहे ही खात्री आत्माच मनात देतो) हे उत्तरही माहीत आहे. पण मग याकोबाच्या पत्राबद्दल प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरलाच शंका होती, तरी ते नव्या करारात कुठल्या आधारावर राहिलं?