पुस्तक प्रश्नमंजूषेच्या तयारीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. परभणी जिल्ह्यातील आमच्या शाळेच्या सातवीतील चार मुली पुढील महिन्यात तालुका पातळीवरील पुस्तक प्रश्नमंजूषेत उतरणार असून, त्यासाठी 'श्यामची आई' आणि 'बनगरवाडी' ही पुस्तके नेमलेली आहेत. पहिल्यातील ४२ रात्रींचा, म्हणजे प्रकरणांचा, क्रम त्यांना तोंडपाठ आहे. परंतु 'श्याम असे का वागला?' असे विचारले की त्या एकमेकींकडे पाहू लागतात. 'बनगरवाडी'तील माणदेशी बोलीचे शब्द आमच्याकडच्या मुलींना अडतात, आणि शिवण उसवलेली एकच प्रत चौघींत फिरत असल्याने रोज जेमतेम काही पानेच वाचून होतात. पाठांतरापेक्षा समज वाढावी, ही माझी मनापासून इच्छा आहे. प्रश्न कसे काढावेत आणि शब्दार्थांची वही कशी करून घ्यावी, हे अशी तयारी करून घेतलेल्या शिक्षकांनी कृपया सविस्तर सांगावे.