विषय: शनिवारच्या इंग्रजी तासात मराठी वर्ज्य असावी का?

सप्रेम नमस्कार,
सातारा तालुक्यातील सेमी-इंग्रजी शाळेच्या सातवीच्या मुलांसाठी आपले परदेशातील मराठी मंडळ ऑनलाइन तास सुरू करत आहे. तासात मराठीचा एकही शब्द येऊ नये, असा काही सभासदांचा आग्रह आहे. आपण तेथेच अध्यापन करता, तरी आपले मत कळवावे.
– कार्यवाह

कार्यवाह महोदय, स. न.
सभासदांची कळकळ समजते. तरीही हा नियम करू नये. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जात असल्यामुळे सातवीच्या मुलांकडे शब्द बऱ्यापैकी असतात, परंतु त्या शब्दांत विचार मांडताना ती अडतात. संवादापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, मात्र विषय शिकण्याइतकी भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून दाखवले. त्या मुलांच्या चोहोबाजूंना इंग्रजी होती. आमच्या मुलांना ती एसटीच्या पाटीवरही भेटत नाही.

म्हणून बाष्पीभवन शिकवताना मी आधी जोड्या करते आणि ओले कपडे वाऱ्यावर लवकर का वाळतात, याची चर्चा मराठीतच होऊ देते. ते कारण मुलांना उमगले, की मी फळ्यावर ‘इव्हॅपोरेशन इज फास्टर व्हेन…’ एवढेच लिहिते. उरलेले वाक्य मुले आधी तोंडी पूर्ण करतात, मग वहीत उतरवतात. पुढे हा आधार हळूहळू काढून घ्यायचा असतो, नाहीतर मुले त्याच साच्यात अडकतात.

प्रश्न विचारल्यावर थांबणेही शिकावे लागते. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबल्यास उत्तरे लांबतात, असे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना आढळले होते. त्यात आमच्याकडच्या नेटचा वेग धरता आपण दुप्पट थांबावे. मराठीत ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे नसल्यामुळे ती हमखास गळतात. त्यासाठी मुलाला मध्येच अडवू नये, आपल्या उत्तरात तेच वाक्य नीट म्हणून दाखवावे.
– एक शिक्षिका, सातारा

बाई, नमस्कार,
मराठी वर्ज्य करण्याचा नियम वगळत आहोत. एक अडचण मात्र उरते: आमची येथे वाढलेली काही मुले शिकवण्यास उत्सुक आहेत, पण त्यांना मराठी जेमतेम समजते.
– कार्यवाह

महोदय,
त्यांना अवश्य घ्यावे. मराठीतील चर्चा आमचे शिक्षक शुक्रवारी वर्गातच उरकतील. त्यासाठी धड्याचे नाव बुधवारपर्यंत कळवावे.
– एक शिक्षिका, सातारा