पट घटला तरी बस तेवढीच धावते

वर कुणीतरी म्हटलंय, मुलं कमी होत चाललेल्या लहान स्कूल डिस्ट्रिक्टना (अमेरिकेत गावोगावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) राज्याने जादा पैसे देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अजिबात पटलं नाही. आमच्या इलिनॉयमध्ये २०१७ च्या कायद्याने नव्या निधीतला मोठा वाटा गरजेच्या मानाने पैशात सगळ्यात मागे पडलेल्या डिस्ट्रिक्टना जातो, आणि मिळालेली रक्कम पुढच्या वर्षीच्या पायाभूत निधीत धरली जाते. पट घटला म्हणून ती कापत नाहीत. हीच हमी मोलाची, कारण चार मुलं गेली तरी बस तेवढेच मैल धावते, वर्गाला शिक्षक लागतोच.

आमच्याकडे आधी सगळी भिस्त शेतजमिनीच्या प्रॉपर्टी टॅक्सवर. नर्स फक्त मंगळवारी यायची. एरवी लेकीचा इन्हेलर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, सेक्रेटरीबाईंच्या भरवशावर. आता या निधीमुळे नर्स रोज असते.