जुनं घर दुरुस्त करताय/केलंय? अनुभव सांगा

पुण्यात शनिवार पेठेत आजोबांचं दुमजली घर आहे. पाडून बिल्डरला द्यायचं नाही, एवढ्यावर आम्हा भावंडांचं एकमत झालंय. पुढचं कुणालाच काही कळत नाही. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा. खर्चाचे आकडे नसले तरी चालेल, कामाचं सांगा.

कसबा पेठ
आमच्या भिंती दीड-दोन फुटी, पांढऱ्या मातीच्या, वर चुन्याचा गिलावा. मागे कधीतरी खालच्या भागाला सिमेंट मारलेलं होतं. जमिनीतली ओल चुन्यातून हवेत निघून जाते. सिमेंटने ती कोंडली की भिंतीतल्या भिंतीत आणखी वर चढते. गवंड्याने हातोडी नुसती टेकवली तर पोकळ आवाज, आणि परातीएवढा पापुद्रा मागच्या मातीसकट खाली. सगळं सिमेंट काढून पुन्हा चुनाच केला. चुन्यातला गवंडी शोधणं हेच मोठं काम, आणि मुरवलेला चुना हळूहळू धरतो, तेव्हा घाई करणारा मिस्त्री नकोच. वर ऑइलपेंटही लावू नका, नाहीतर पुन्हा तेच.

दुसरं, खांब. सागवान आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, लाकूड टेकतं तिथे टोच्या घालून बघा. आमचा एक खांब वरून ठणठणीत आणि खाली वीतभर भुसा. वरच्या तुळईला जॅक आणि टेकू लावून तेवढाच भाग कापला आणि जुन्या सागवानाचा तुकडा सांधला. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं. सुताराने सांधा असा बसवलाय की पाहुण्यांना दाखवावा लागतो.

नारायण पेठ
नदीकाठच्या पेठांत घर असेल तर १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर काय काय बांधलं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आमच्याकडे खालची भिंत विटांची आणि वरची मातीची निघाली. पुरानंतर खालचं नवीन बांधलं, असं आत्या सांगते. तडा नेमका त्या जोडावर. इंजिनियरने तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेवायला सांगितली. पट्टी फुटली तर भिंत अजून हलतेय. आमची पावसाळाभर शाबूत राहिली, मग बुजवून घेतलं.

प्रभात रोड
वायरिंग आधी, रंग नंतर. आमच्याकडे लाकडी पट्टीवरच्या वायरी होत्या आणि अर्थिंगचा पत्ता नाही. सगळं नवं ओढलं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. सामान तपकीर गल्लीतून.

सदाशिव पेठ
वरचे लोक चुन्याच्या प्रेमात आहेत, असू देत. आमचा प्रश्न आईचा होता, रात्री जिना उतरून बाथरूमला जायचं. कंत्राटदार म्हणाला, वर माळ्यावरच काढून देतो. विटांची भिंत, टाइल्स, पाणी, एवढं ओझं तुळयांवर, शिवाय गळलं तर थेट लाकडात. आम्ही मागच्या बोळकंडीत वेगळा पाया घेऊन बाथरूम काढलं आणि आईची खोली खाली आणली. आईला ते मुळीच आवडलेलं नाही, वरून रस्ता दिसायचा.

माप लेखी ठरवा. गिलावा ब्रासवर, म्हणजे १०० चौरस फुटांवर धरतात. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, हे बिल हातात आल्यावर भांडायचं नाही.

शुक्रवार पेठ
कागदांचं कुणीच लिहिलं नाही! प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबाच असतील तर आधी वारसनोंद करा. आत्यांचाही हिस्सा असू शकतो, त्यांना विचारल्याशिवाय वीटसुद्धा हलवू नका. आमच्याकडे परवानगीपेक्षा सह्यांनाच जास्त वेळ लागला.

आणि राडारोडा. बोळात ट्रक शिरत नाही, पोत्यात भरून छोट्या हत्तीने न्यावा लागतो. एक दिवस पोती बाहेर राहिली तर शेजारच्या काकांनी तक्रार ठोकली. दुसऱ्या दिवशी तेच काका आले, त्या ढिगातल्या शहाबादी फरश्या धड आहेत का विचारत. सहा नेल्या.